एका एम.ए.ची पहिली पंचवार्षिक योजना

३ जून १९६२, सकाळ
आजपासून शिस्त. नागपूरची एम.ए.ची परीक्षा देऊन तांड्यावर परत आलो. विषय तत्त्वज्ञान. सरकारची तिसरी पंचवार्षिक योजना चालू आहे, माझी पहिली. १९६२ : अधिकारी. १९६४ : मोठा अधिकारी. १९६६ : दिल्ली. पुढचं पान कोरं ठेवलं आहे, कारण माणसाने नम्र असावं.
उद्यापासून पाचला उठणे.

४ जून, साडेनऊ
उठलो.

९ जून
आमचे प्रोफेसर निरोपाच्या चहाला म्हणाले होते की नुसत्या डिग्रीला कुणी विचारत नाही. डिग्रीबरोबर आणखी काय काय अंगी आलं त्याची यादी करा, ती कुठल्याही नोकरीत उपयोगी पडते. यादी केली : वक्तृत्व, नेतृत्व, तर्कशुद्ध विचार, संघटन (होस्टेलच्या मेसचा सेक्रेटरी, तीन आठवडे, नंतर आचारी पळाला). भाषा : इंग्रजी, मराठी, हिंदी, संस्कृत (कामापुरती).
चुलतभाऊ पूनमसिंगने यादी वाचली. दुसऱ्या खेपेला मॅट्रिक झाला आहे, पुसदच्या बाजारात बैलांचे सौदे जुळवून देतो. म्हणे, "भिया, यात गोरबोली काहून नाही लिहिली?" मी समजावलं की आपली बंजारा बोली घरात आपोआप येते, तिला क्वालिफिकेशन म्हणत नाहीत. तसं तर मला पोहताही येतं. त्याला पटलं नाही. तर्कशास्त्र झालेलं नाही ना.

२४ जून
रिझल्ट. थर्ड क्लास. तत्त्वज्ञानात वर्ग मोजायचे नसतात.
बापूंनी (वडील, तांड्याचे नायक) फैसला ऐकवला. दिवाळीपर्यंत नोकरी, नाहीतर वखर. मी हसलो. ते हसले नाहीत.

८ जुलै
यवतमाळच्या एका ऑफिसात संघटकाची जागा निघाली! तांड्यातांड्यांवर फिरून लोकांना आरोग्याची माहिती द्यायची. मॅट्रिक चालेल म्हणतात, म्हणजे एम.ए. बघून साहेब खुर्चीतून उठणारच. फिरणं सुरुवातीपुरतं. सहा महिन्यांत टेबल. माझा अर्ज चार पानी, इंग्रजीत.
पूनमसिंगलाही अर्ज लिहून दिला. मन मोठं ठेवावं. भाषेच्या रकान्यात त्याने हट्टाने गोरबोली लिहायला लावली, शिवाय मुकुटबनकडे गाड्या घेऊन जातो तिथे शिकलेली थोडी कोलामी. मी म्हटलं, लोक हसतील. म्हणे, "हसू दे नं, तुले काय त्रास होऊन राह्यला?"

५ ऑगस्ट
उद्या मुलाखत. आरशासमोर तीनदा तालीम केली. याडी यायचं म्हणते. का, तर मला दुपारी भूक लागेल. आईला कसं सांगावं? तिच्या अंगावर फेटिया घागरा, कांचळी, हातभर चुडे, आणि माझ्या अंगावर टाय. हो-ना करत कबूल केलं. अटी दोन : एसटीत मागे बसायचं, आणि ऑफिसच्या आवारात हाक मारायची नाही.

६ ऑगस्ट, संध्याकाळ. एसटीतून परत येताना
मुलाखत झाली. उत्तम! सविस्तर लिहितो.
साहेब पुण्याकडचे. पहिलाच प्रश्न : राठोड म्हणजे तांड्यावरचे का? मी म्हणालो, मूळचे राजस्थानचे, सर. बोली येते का? म्हटलं, फारशी नाही, घरात मराठीच. साहेबांनी काहीतरी टिपून घेतलं. छाप पडली.
मग म्हणाले, बाहेर निंबाखाली एक बाई बसल्या आहेत, त्यांना आत बोलवा. देवीची लस का टोचून घ्यावी ते प्रत्येक उमेदवाराने त्यांना समजावून सांगायचं.
शिपायाने याडीलाच आत आणलं.
मी डगमगलो नाही. ओळख दाखवली असती तर आधीचं सगळं उत्तर खोटं पडलं असतं. दहा मिनिटं बोललो. रोगप्रतिबंधक लसीकरण, राष्ट्रीय कर्तव्य, नागरिकांची जबाबदारी. याडी पूर्ण वेळ माझ्या शर्टाच्या वरच्या बटणाकडे बघत होती. ते सकाळी तिनेच शिवून दिलं होतं. तिनेही ओळख दाखवली नाही. समंजस बाई.
माझ्यानंतर पूनमसिंग गेला. आतून याडीच्या हसण्याचा आवाज आला. सरकारी मुलाखतीत हसणं! गेला बिचारा कामातून.
परतताना याडी अटीप्रमाणे मागेच बसली. बाटीची पुरचुंडी मात्र पूनमसिंगच्या हातात दिसते आहे. भुकेने जीव चालला आहे.

१९ ऑगस्ट
पत्र नाही. पोस्टाचा कारभार ढिला. साहेबांच्या स्वागताचं इंग्रजी भाषण तयार ठेवलं.

२ सप्टेंबर
पत्र आलं. पूनमसिंगला.
वशिला, दुसरं काय! त्याला तसं तोंडावर म्हणालो. तो चिडला नाही. शांतपणे सगळं सांगितलं. त्याने आत जाऊन "काकी" म्हणून हाक मारली, गोरबोलीत दोन गमती केल्या, मग लशीचं सांगितलं. याडीने तिथल्या तिथे बाही वर करून दंड पुढे केला. कुठं टोचता ते टोचा, म्हणाली. साहेब खूश. त्यांनी सहज विचारलं, बाई, तुम्हाला मुलं किती?
मी विचारलं, मग? याडी काय म्हणाली?
पूनमसिंग म्हणाला, "काकी म्हणली, एकच पोरगा हाय, साहेब. नागपूरले शिकाले गेलता. अजून वापस नाही आला."

२ सप्टेंबर, जेवणानंतर
दिवसभर काही सुचलं नाही. लाज वाटली. हे लिहितानाही वाटते आहे.
जेवायला चुलीपाशी तिघंच होतो : याडी, पूनमसिंग, मी. बऱ्याच दिवसांनी, जरा घाबरतच, गोरबोलीत म्हणालो, याडी, आणखी एक बाटी दे.
तिने हातातली बाटी तशीच धरून ठेवली आणि पूनमसिंगला विचारलं, हे साहेब काय म्हणतात?