तीन शाळांची मागची बाजू

४ तारीख, सोमवार

काम मिळालं! पगार नाही, पण काम झकास — शाळा बघायच्या.

झालं असं. ताईकडे येऊन मला आठवडाही झाला नाही, बॅग अजून दारातच पडलीय, आणि आज सकाळी मोजे चढवता चढवता ताई म्हणाली, "नाहीतरी फिरतच असतेस, तर जरा कामाचं फीर." तिच्या पोरीला यंदा हायस्कूलला घालायचंय. या भागात सरकारी हायस्कुलं तीन. कुठलंही निवडा, पण पंधरा तारखेच्या आत शिक्षण कार्यालयाला कळवा. नाही कळवलं तर ते देतील ते घ्या. ताई इस्पितळाच्या धुलाईखान्यात दिवसपाळीला. भाऊजी रात्रभर बेकरीत पाव भाजतात आणि दिवसभर घोरतात. मग बघायला जाणार कोण? मी.

ताईला पुलाजवळची शाळा हवी, कारण ती घराजवळ आहे. भाऊजींना टेकडीवरची, कारण तिचे निकाल पेपरात येतात. महिनाभर दोघं यावरून एकमेकांना टोमणे मारतायत. शेवटी ठरलं — मी सांगेन ती. मी! दहावीच्या मधूनच उठून चालू पडलेली!

पोरगी स्वतः काही बोलत नाही. घरात तिला बुरशीबाई म्हणतात. पलंगाखाली बशा मांडून ती बापाच्याच पावावर बुरशी वाढवते. हिरवी, काळी, आणि एक केशरी — ती कुणाला हात लावू देत नाही. भाऊजी म्हणतात, "माझ्या पावाची बदनामी माझ्याच घरात."

५, मंगळवार

टेकडीवरची. समोरून गेलेच नाही. समोरून सगळ्याच शाळा केस विंचरून उभ्या असतात. शाळा बघावी मागून. पोरं कुठून सटकतात, सटकून जातात कुठं, त्यांना शोधायला कुणी येतं का — यावरून सगळं कळतं. या विषयात माझा अभ्यास दांडगा आहे.

भिंत उंच, वर काचा लावलेल्या. मागच्या दाराशी पहारेकरी. म्हणाला, "काय हवंय?" म्हटलं, "काही नाही, भिंत बघतेय." त्यानेही वळून भिंत बघितली. मधल्या सुट्टीत मुलं एका हाताने खात होती, दुसऱ्या हातात पुस्तक. एकही जण सटकला नाही. तुरुंग!! शेरा — बाद.

येताना छत्र्या दुरुस्त करणारा भेटला. मोडलेली काडी कशी बसवायची ते शिकून घेतलं. घरी पोचेपर्यंत अंधार, आणि ताईची बोलणी.

७, गुरुवार

काल गेलेच नाही. नदीवर एक जण होडी रंगवत होता. नुसती बघत उभी होते, तर त्याने दुसरा ब्रश पुढे केला. आता ब्रश पुढे केल्यावर काय करणार माणूस?

आज पुलाजवळची. स्वयंपाकघराचं मागचं दार सताड उघडं. पोरं घोळक्याने बाहेर! रमतगमत! कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन बसली, व्हिडिओ गेम चालू. एका मास्तरांनी वरच्या खिडकीतून हे सगळं पाहिलं — आणि पडदा ओढून घेतला.

सटकण्यात मजा कधी असते? आपल्याला कुणीतरी शोधत असतं तेव्हा. इथं कुणी शोधतच नाही. बाद.

८, शुक्रवार

सापडली! सापडली! तिसरी!

कारखान्यामागची शाळा. निकाल पेपरात येत नाहीत, आलेच तर बातमी वाईट असते. मागे तारेचं कुंपण, कुंपणाला हे एवढं भोक. म्हटलं आता गंमत बघू. समोरच्या कट्ट्यावर सफरचंद खात बसले. तास संपले, पुढच्या गेटने शाळा सुटली, आणि भोकातून बाहेर येतंय कोण? कुणीच नाही. मी उठणार, तोच दोघं आली आणि भोकातून आत गेली. आत! मग आणखी काही. मग एक बसची कंडक्टर, युनिफॉर्म घातलेली, पर्स पोटाशी धरून वाकून आत. मग एक मिशाळ माणूस. कारखान्याच्या वस्तीतून यायला हे भोक जवळचं पडतं म्हणे. आत दिवे लागले, काहीतरी ठोकल्याचा आवाज येत होता.

शाळा सुटल्यावर कुंपणातून आत घुसतात! जन्मात पाहिलं नव्हतं. पळत घरी आले.

१०, रविवार

भाऊजी जागे, ताईला सुट्टी. जेवताना सगळं साग्रसंगीत सांगितलं, भिंतीवरच्या काचांपासून. भाऊजी हसून हसून ठसकले. ताई म्हणाली, "त्या कारखान्यामागे? माझी पोरगी?"

बुरशीबाईने ताट चाटूनपुसून संपवलं. मग पाणी प्यायली आणि म्हणाली, "मावशी, तू प्रत्येक शाळेतून पळून कसं जायचं तेवढंच बघून आलीस. मला पळायचं नाहीये. आत काय आहे?"

आत? आत मी गेलेच नव्हते. ताई म्हणाली, "घ्या."

११, सोमवार

आज तिन्ही, आणि पुढच्या गेटने. टेकडीवरचा पहारेकरी म्हणाला, "आज भिंत नाही?" म्हटलं, "आज आतलं."

आतलं वेगळंच निघालं. प्रयोगशाळेत प्रत्येक टेबलावर मायक्रोस्कोप, वापरून वापरून रंग उडालेले. बुरशीबाईच्याच वयाची एक मुलगी कांद्याचा पापुद्रा बघत होती. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले, तिला पत्ताच नाही. म्हणजे ती पोरं तुरुंगात नव्हती. त्यांना आतच बरं वाटत होतं! मी भिंत बघत बसले होते.

पुलाजवळच्या शाळेत मायक्रोस्कोप आहेत, पण काचेच्या कपाटात. किल्ली मोठ्या बाईंकडे. मोठ्या बाई मीटिंगला.

कारखान्यामागच्या शाळेत एकच. त्याचीही काच तडकलेली.

पण तिथं पलीकडे सुतारशाळा आहे. आणि सुतारशाळेत होडी!! खरीखुरी, माझ्यापेक्षा लांब, फासळ्या उघड्या. शिकवणाऱ्या बाईंच्या भुवयांत भुसा. म्हणाल्या, "पालक का?" म्हटलं, "मावशी." म्हणाल्या, "मग उभ्या काय, हे टोक धरा." धरलं. मग रंधा मारायला दिला. फळीवरून लांबच्या लांब वळलेली सालं निघायला लागली, सफरचंदाची निघतात तशी. संध्याकाळ कधी झाली कळलं नाही. मग ती कंडक्टर आली, तो मिशाळ आला. मध्येच शाळा सोडलेल्या मोठ्या माणसांचा वर्ग म्हणे. आधी पुस्तकं, मग होडी. दहावीसुद्धा करून घेतात. मी उगाच विचारलं, "वयाची अट?" बाई म्हणाल्या, "रंधा उचलता आला पाहिजे."

खिशात एक साल आणलंय. वास अजून येतोय.

१२, मंगळवार

आज मी तोंड उघडलंच नाही. ताई विचारते, "बरी आहेस ना?"

गोष्ट अशी आहे. बुरशीबाई कारखान्यामागे गेली तर ताई तिला त्या भागातून एकटी येऊ देणार नाही, आणायला रोज कुणीतरी लागेल. ते मी. आणायला लवकर गेलं तर होडीला हात लावता येईल. आणि माझ्या शब्दावर ठरणार आहे. नुसतं "मायक्रोस्कोप आहेत की" एवढंच म्हणायचं. "आहेत" आणि "आहे" यात असा काय फरक आहे?

फरक आहे. पोरगी टेबलावर केशरी बशी घेऊन बसलीय, डोळ्याला भाऊजींचं भिंग.

१३, बुधवार

सांगितलं. एकच आहे आणि तडकलेला आहे. टेकडीवरच्या शाळेचंही सांगितलं, सगळं, त्या कांद्याच्या मुलीसकट. आणि कुणी विचारायच्या आत म्हणून टाकलं — हिला टेकडीवरच घाला.

मग होडीबद्दलही बोलले, आणि त्या मोठ्या माणसांच्या वर्गाबद्दलही. जरा जास्तच बोलले बहुतेक. भात गार झाला.

१४, गुरुवार

कळवून आले. टेकडीवरची! ताई कुरकुरली, "बस बदलून जायची पोर." बुरशीबाई म्हणाली, "मावशी नाही का कुठं कुठं जात?" "तिचं उदाहरण देऊ नकोस," ताई म्हणाली, पण हसली. भाऊजींनी गरम पाव आणला आणि लेकीला बजावलं, "हा खायचा. बशीत गेला तर बघ."

पोरगी इतकी खूश, की रात्री माझ्या अंथरुणात येऊन झोपली आणि लाथा मारत राहिली. झोपायच्या आधी म्हणाली, "त्या भुसावाल्या बाई तुला परत ये म्हणाल्या का?" म्हटलं, "बोलायचं म्हणून म्हणतात लोक." म्हणाली, "हं."

माझं काम संपलं. सोमवारच्या बसने निघावं म्हणते. समुद्राकडे. बॅग काय, दारातच आहे.

१८, सोमवार

स्टँडवर सोडायला बुरशीबाई आली. बॅग तिनेच धरली होती, आणि ती स्टँडकडे वळलीच नाही. मी मागोमाग. कारखान्याच्या बाजूला आल्यावर मी सवयीने भोकाकडे निघाले, तर म्हणाली, "इकडून नाही," आणि पुढच्या गेटने आत नेलं.

ऑफिसातल्या बाई तिला म्हणाल्या, "प्रवेश घ्यायचाय का बाळ?"

"मला नाही, हिला."

"आणि तू कोण?"

"मी हिची पालक."