जुन्या गाडीची वॉरंटी आणि उजवा कौल

४ डिसेंबर, गुरुवार

आज गाडी नागावजवळ बंद पडली. थोड्या वेळाने आपणहून चालू झाली! पण तेवढ्यात सलिलच्या कुणा मित्राने आम्हाला पाहिलं आणि बातमी पनवेलला पोचली. संध्याकाळी चिरंजीवांचा फोन. "आई, शेवटचं सांगतो. पुन्हा एकदा रस्त्यात अडकलात तर चौलचं घर बंद. तुम्ही दोघं इकडे यायचं." ज्याला मी पाढे शिकवले तो मला ताकीद देतो.

तसं त्याचंही खोटं नाही. अण्णांचं खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून त्यांना आठवड्यातून दोनदा व्यायामासाठी अलिबागला न्यावं लागतं. (नवरा माझा, पण अख्खा गाव अण्णा म्हणतो म्हणून मीही.) गाडी मी चालवते. गाडी नाही तर व्यायाम नाही, आणि व्यायाम नाही तर चौलला राहणं नाही. मला चौल सोडायचं नाही. पनवेलला सलिलच्या सातव्या मजल्यावर मी दिवसभर करू काय?

५ डिसेंबर

कुणा चिरागचा फोन. वॉरंटी विकतो. माझा नंबर कुणी दिला देव जाणे. "मॅडम, जुन्या गाडीलाच तर एक्स्टेंडेड वॉरंटी पाहिजे!" इंजिन, गिअर, वायरिंग — दोन वर्षं सगळं कंपनीच्या अंगावर. बंद पडली तर उचलून न्यायला ट्रकसुद्धा तेच पाठवणार. म्हणजे सलिलला ठणकावून सांगता येईल, बाबा रे, आम्ही रस्त्यात अडकूच शकत नाही.

म्हटलं, गाडी चौदा वर्षांची आहे, एक लाख ब्याऐंशी हजार किलोमीटर पळालीय, चालेल? त्याने दोन्ही आकडे पुन्हा वदवून घेतले. मग म्हणाला, "आधी इन्स्पेक्शन करून घेऊ."

८ डिसेंबर

ज्याला त्याला मत आहे. सलिल म्हणतो, "एवढ्या जुन्या गाडीला वॉरंटी म्हणजे शुद्ध फसवणूक. त्या पैशात बॅटरी, टायर, बेल्ट सगळं नवं येईल." बुधाजी आमच्या वाडीतल्या सुपाऱ्या काढतो. त्याने झाडावरूनच निकाल दिला, "बाय, म्हातारीचा विमा कोन फुकट काढतो काय? त्याचाच कायतरी फायदा हाय."

अण्णांना विचारलं. पेपरमागून उत्तर आलं, "तुला बरं वाटेल ते कर." लग्न झाल्यापासून त्यांचं हे एकच मत आहे.

१० डिसेंबर

इन्स्पेक्शन! मुलगी दाखवायची असावी तशी सकाळपासून गडबड. गाडी धुतली, सीटांना धुतलेली कव्हरं घातली, सुकटीचा वास जावा म्हणून आत सोनचाफा ठेवला. कंपनीचा माणूस आला, पोहे खाल्ले, मग गाडीखाली वाकून बराच वेळ बघत राहिला.

"गाडी कसल्या पाण्याने धुता?"

विहिरीच्या. रोज.

"पाणी खारं आहे का?"

म्हटलं, थोडं मचूळ. आणि घाईघाईने आणखी पोहे वाढले. म्हणजे चौदा वर्षं मी तिला मायेने मिठाचं पाणी चोळत होते. तरी पास झाली! होणारच. त्यांना वॉरंटी विकायची होती.

१२ डिसेंबर, शुक्रवार

रक्कम कळली. यंदाची निम्मी सुपारी! घ्यावी की नको, काही ठरेना. मग आपल्याकडे काही ठरत नाही तेव्हा करतात तेच केलं — देवीला कौल लावायला गेलो.

धर्माजी गुरवाने मूर्तीच्या दोन्ही अंगांना कळ्या लावल्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. विचारतो, "गाऱ्हानं काय घालू?" मागे चार बायका ओट्या घेऊन उभ्या. कुणाचं लग्न, कुणाची जमीन, आणि त्यांच्यासमोर मी देवीला वॉरंटी विचारू? मी सारखी मागे बघत राहिले. धर्माजीला दया आली. "मंग दोघांनी मनात धरा. तिला समजतंय."

आम्ही डोळे मिटले. मी झटकन विचारून टाकलं. अण्णांचे बराच वेळ मिटलेले. आणि उजवी पडली! अण्णांच्या डोळ्यांत चक्क पाणी. एका वॉरंटीसाठी एवढं? मला त्यांची फार माया आली.

१३ डिसेंबर

घेतली. सलिल म्हणाला, "देवीला विचारून?" आणि फोन ठेवला. ठेवू दे.

२३ डिसेंबर, मंगळवार

पडली बंद. आक्षीच्या पुलाअलीकडे, भर उन्हात. फोन लावला. कंपनीची बाई गोड आवाजात म्हणाली, "ट्रक पनवेलहून निघालाय. तोपर्यंत गाडीला कुणालाही हात लावू देऊ नका, नाहीतर वॉरंटी रद्द होईल." दोघे रिक्षावाले मदतीला धावून आले, तर मी हात पसरून गाडीसमोर उभी! सावलीत ढकलली तर चालेल का, हे बाईला विचारलं. "वरिष्ठांना विचारून सांगते." वरिष्ठ काही सापडेनात. शेवटी म्हटलं, मालकिणीने हात लावलेला चालतो. अण्णांना स्टिअरिंगवर बसवलं आणि सुरूच्या झाडांच्या सावलीपर्यंत मी एकटीने ढकलली. रिक्षावाले बघत राहिले.

दुपार कलल्यावर ट्रक आला. निदान — वायरिंग गंजलंय. आणि गंज वॉरंटीत बसत नाही. समुद्राकाठच्या माणसाला गंज सोडून बाकी सगळ्याची वॉरंटी! इतका संताप आला की हसायलाच लागले. अण्णा हसले नाहीत. सलिलला यातलं काही कळू द्यायचं नाही, असं मी त्यांना बजावलंय.

२४ डिसेंबर

सकाळी अण्णांनी चहा केला. माझ्यासमोर कप ठेवून म्हणाले, "पनवेलला कधी निघायचं?"

म्हटलं, सलिलला कुणी सांगितलं?

"मी. रात्रीच." मग खाली बघत म्हणाले, "देवीला मी तेच विचारलं होतं, कुमुद. जाऊ का म्हणून. तू वॉरंटीचं विचारलंस होय?" आणि पुढे, "काल तू ढकलत होतीस आणि मी आत बसलो होतो. मला नाही गं ते बघवत."

कळी तर एकच पडली. ती माझी की त्यांची, हे धर्माजीला विचारायला म्हणून निघाले. अण्णांच्या डोळ्यांतलं ते पाणी आठवलं, आणि फाटकातून परत फिरले.