घासलेलं बटण

पप्पा, तुमच्या आजोबांच्या कोटाचं ते पितळी बटण, तसंच एक आज पिंपरीच्या बाजारात दिसलं. खरं तर मी गाडीचा आरसा घ्यायला गेलो होतो, तो राहिलाच. जुन्या वस्तू विकणाऱ्या एका चाचांकडं कुलपं, कंदील, नाणी, आणि एका डबीत हे. काळपट, काठाला हिरवट, मधे मुकुट, भोवती इंग्रजी अक्षरं. मी तिथंच फुटपाथवर बसलो.

तुम्ही आयुष्यभर बफिंगच्या मशीनवर उभे राहिलात. नळ, हँडल, बिजागऱ्या, जे येईल ते आरशासारखं करून धाडलंत. कानामागं काळी धूळ घेऊन घरी यायचात, आणि आई आधी मोरीत पाठवायची. पण हे बटण तुम्ही कधी घासलं नाहीत. आजोबा पलटणीत होते, एवढंच तुम्हाला माहीत. एका रविवारी ते माझ्या हातावर ठेवून म्हणालात, "मला काय इंग्रजी येत न्हाई. तू दहावीपर्यंत गेलास, बघ काय लिवलंय." मी डोळ्यांजवळ नेलं आणि पुसट आहे म्हणालो.

मग आत कुठंतरी टोचत असणार, कारण त्याच आठवड्यात मी ते चाकणला कंपनीत नेलं. तेव्हा मीही तुमच्याच कामाला लागलो होतो. सहा महिने टिकलो, ते जाऊ द्या. बफवर धरलं, लख्ख केलं आणि मोठ्या ऐटीत तुम्हाला आणून दिलं. मुकुट गेला, अक्षरं गेली. तुम्ही ट्यूबलाइटखाली ते बराच वेळ फिरवत बसलात. रागावला नाहीत. फक्त म्हणालात, "झालं चकचकीत. आता हे कुणाचंबी झालं."

तुम्ही गेल्यापासून ते माझ्या खिशात आहे. किती कंपन्या सोडल्या, किती खोल्या बदलल्या, हे सुटलं नाही. आज चाचांच्या बटणाशेजारी ठेवलं. मागची कडी हुबेहूब. ते म्हणाले, "भावा, ही रेल्वेतल्या गोऱ्यांची हौशी पलटण. आठवडाभर नोकरी, रविवारी कवायत. आपल्या लोकांना घेत नव्हते यात." मग आमच्याकडं कुठून आलं, मी विचारलं. "कोट जुना झाला की देऊन टाकायचे. बंदूक नाय द्यायचे." मला हसू आलं, आणि मग तुमचा चेहरा आठवला.

हे तुम्हाला सांगितलं असतं की नाही, कोण जाणे. पण त्यावर 'व्हॉलंटियर' लिहिलंय, पप्पा. जयंतीच्या मिरवणुकीत तुम्ही छातीवर लावायचा, त्या बिल्ल्यावरचाच शब्द. आई तो बिल्ला वर्षभर रुमालात गुंडाळून ठेवायची. तुम्ही गल्लीभर सांगत फिरला असता.

जुन्या गेटपासच्या पाठीवर लिहितोय, जागा संपत आली. घडी करून बटणाजवळच ठेवीन. एक राहिलं. तो शब्द मी आज पहिल्यांदा वाचला नाही. त्या रविवारीच मला वाचता आला होता. खाली मित्र गाडी चालू ठेवून हॉर्न वाजवत होता, म्हणून पुसट म्हणालो.