फरशीआधी नळ्या नकोत

रामकिसन,

टांगा दारात उभा हाय, म्हणून जल्दीत लिहिते. तुझ्या बायकोला घेऊन तिच्या माहेरी, पिंपळगावला चालले. झाडलोटीच्या धुळीनं खोकून खोकून तिची छाती दुखून राह्यली, अन् तू यंत्रवाल्यासंगं धूळ ओढायच्या नळ्या कोणत्या भिंतीतून न्यायच्या ते मोजत बसलास. अरे शहाण्या, आपली जमीन शेणानं सारवलेली. तुझं यंत्र धुळीसंगं सारवणबी ओढंल. आधी शहाबादी फरशी बसव, मंग नळ्या. यंत्र मोठंच घे, वरच्या खोल्यांपर्यंत पोचणारं. यंत्राची मोटार गोठ्यापासून लांब ठेव, आवाजानं गाय बुजंल.

ती खोकत असताना रोज तिच्या हाती झाडू मीच देत होते. विहीणबाईला ते मीच सांगीन. माझी बाजू घ्यायला मागून येऊ नको.

तुझी माय