परतीची सीट

अहो,

मी शिर्डीला पोचले. तुमच्याच मंडळाच्या पदयात्रेतून, तुमचाच पिवळा टी-शर्ट घालून. दरवर्षी तुम्ही निघालात की कोपरच्या नाक्यापर्यंत मी बडबडत यायचे, आठवतं?

कल्याणला डॉक्टर म्हणाले, आता नुसतं मशीनच श्वास घेतंय, बंद करायला तुमची सही लागेल. मी म्हटलं, यांचा नवस आहे, पायी फेडून येते, मग करते. नवसबिवस काही नव्हता हो. थाप मारली. मी चालतेय तोवर मशीनला कोण हात लावणार नाही, एवढंच डोक्यात.

म्हणून कसारा घाटात मुद्दाम मागे मागे राहिले. सगळ्यांना वाटलं पाय सुजलेत. मंडळाच्या दौलतभावजींनी माझी पिशवी स्वतः उचलली. आता म्हणतायत, "वहिनी, पहिलं दर्शन तुमचं. लगेच बसने निघू, रात्री तुम्ही दादाजवळ."

मी बाहेर सगळ्यांच्या चपला सांभाळत बसलेय. बसमध्ये माझी सीट धरलीय, पण मी चढणार नाही. चालतच येणार.

लवकर येते, असं नाही म्हणत. सावकाश येते. वाट बघा.

तुमची,
शालन