भोंग्याची खुर्ची

३ मार्च

चि. सौ. ठकू हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

वि. वि. इकडे आम्ही तिघे खुशाल आहोत, म्हणजे मी, जावईबापू आणि तुझा भोंगा. मी ठेवलेलं हे नाव तुला आवडत नाही, ठाऊक आहे. पण पहाटे उठून जो गल्लीला जागं करतो त्याला दुसरं काय म्हणू?

मुख्य बातमी अशी की त्याची तान्हेपणीची सीट आता पुरत नाही. डोकं वरून बाहेर यायला लागलं. पाळणाघर पुलापलीकडे, जाणं-येणं माझ्याच गाडीतून, तेव्हा चालढकल नको म्हटलं आणि शनिवारी दुकान गाठलं. खिशातून टेप काढली तेव्हा दुकानदाराला वाटलं, म्हातारा पडदे घ्यायला आलाय. त्याने तीन सीटा दाखवल्या. त्यातली एक घेतली. आत्ता पोराला मागे तोंड करून बसवायचं आणि वाढला की तीच सीट फिरवून पुढे तोंड करायचं. दिसायला बेताचीच आहे, पण आपल्या शिकवणीच्या गाडीत मावली. बाकीच्या दोन्ही लावून पाहिल्या तर माझे गुडघे हनुवटीला टेकत होते.

बसवायला अख्खी सकाळ गेली. जावईबापू पुस्तिका मोठ्याने वाचत होते, मी न ऐकता पट्टा ओवला आणि तो उलटा गेला. मग ऐकलं. हे या घरात पहिल्यांदाच घडलं असं त्यांचं म्हणणं आहे. चाळीस वर्षं मी अर्ध्या गावाला गाडी शिकवली आणि जावई मिळाला तो सायकलवाला! असो. माणूस गुणी आहे. छापखान्यातून कितीही दमून आला तरी पोराला तोच झोपवतो.

तू तुझं बेटावरचं वर्ष नीट पार पाड. कायम होऊन गावातल्या वेधशाळेत आलीस की गंगेत घोडं न्हालं. आमच्याकडे बघायला आम्ही आहोत.

लोभ आहेच. तिकडच्या वाऱ्यावर उडू देऊ नकोस.

तुझा,
बाबा


९ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र बोटीवरून उतरलं तसं मी धक्क्यावरच फोडलं. आमच्या केंद्रप्रमुखांना वाटलं, वाईट बातमी आहे. मी म्हटलं, माझ्या मुलाचं डोकं सीटच्या बाहेर आलंय.

बाबा, इथे मी दिवसातून तीनदा वारा मोजते, फुगा सोडते, आकडे वायरलेसवरून पाठवते. शेकडो मैलांवरचं वादळ मला दोन दिवस आधी कळतं, आणि माझं पोर वितभर वाढलं हे आठ दिवसांनी. रडू नाही का येणार?

आता रागावू नका, पण थोडं सांगते. तोंड मागेच असू दे. पाय दुमडतात म्हणून फिरवू नका, मुलं मांडी घालून मजेत बसतात. गचका बसला तर मानेला आणि पाठीला सगळी सीट आधार देते, म्हणून तसं बसवायचं. पट्टे खांद्याच्या पातळीला किंवा किंचित खालून आले पाहिजेत. बांधल्यावर पट्टा चिमटीत धरून बघा, चिमटीत आला तर सैल आहे. जाड कोट घालून बांधू नका. आणि सीट बुडाशी धरून हलवून बघा, ती गदागदा हलायला नको.

तुम्ही चाळीस वर्षांत एकदाही गाडी ठोकली नाहीत हे मला पाठ आहे. पण रस्त्यावर तुम्ही एकटे नसता ना!

ह्यांना म्हणावं, सायकल पुरे, आता सासऱ्यांकडे नाव घाला. माझ्या पिल्लाच्या गालाचा पापा घ्या. लोभ वाढू दे, राग आटू दे.

तुमची,
ठकू


२८ मार्च

चि. सौ. ठकू हिस अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. बेटावर बसून उंटावरून शेळ्या हाकण्यात तू तरबेज झाली आहेस. तरी सांगतो, तू लिहिलंस तसं सगळं केलं. चिमटी, खांदा, कोट, सगळं. सीट हलवली तर गाडीच हलली, सीट नाही.

पहिले काही दिवस मात्र भोंगा पुलापर्यंत अखंड वाजायचा. त्याला माझं तोंड दिसत नाही, मला त्याचं. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, कशाला छळता लेकराला, फिरवा तोंड पुढे. जीव तुटत होता, पण नाही फिरवलं. मी गाणी म्हणतो. माझं गाणं ऐकून तो गप्प होतो, भीतीने का असेना.

एक अडचण होती, तीही सुटली. बक्कलचं ते लाल बटण फार कडक आहे. माझे अंगठे तुला ठाऊकच आहेत, संधिवाताने आता बाटलीचं झाकणसुद्धा ऐकत नाही. पाळणाघराशी पोचलो की मी घामाघूम, मागे गाड्यांची रांग आणि आत हा किंचाळतोय. चमच्याची दांडी लावून पाहिली, घसरली. एक दिवस मी टेकीला आलो आणि नुसताच उभा राहिलो. तर तुझ्या पठ्ठ्याने दोन्ही अंगठे बटणावर ठेवले, तोंड लाल केलं आणि खटकन बक्कल उघडलं! अजून तिसरंही लागलं नाही त्याला. मग मी त्याला रीतसर शिकवलं. आता गाडी लावली की मी म्हणतो इंजिन बंद, आणि साहेब बटण दाबतात. माझ्या हाताखालून इतके शिष्य गेले, पण इतका हुशार एकही नव्हता.

जावईबापूंना अजून क्लचमधलं ओ की ठो कळत नाही.

आमची काळजी करशील तर आकडे चुकतील. लोभ असाच ठेव.

तुझा,
बाबा


४ एप्रिल

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, हे आधी बंद करा. हात जोडते.

जो मुलगा गाडी उभी असताना बक्कल उघडतो तो चालत्या गाडीतही उघडेल. त्याला काय कळतंय उभी कुठली नि चालती कुठली! आणि तो तुमच्या पाठीमागे. तुम्हाला कळणारही नाही. तुमचे अंगठे इतके दुखत होते तर मला लिहायचं होतं. पाळणाघरातल्या ताईंना बाहेर बोलवा, त्या दाबतील बटण. घरी शेजारच्या वहिनींना हाक मारा. त्यात कमीपणा कसला?

चिडून लिहितेय असं वाटेल. चिडले नाही, घाबरले आहे. तो शहाणा आहे हे वाचून आधी मला हसू आलं, आणि मग पत्र परत पहिल्यापासून वाचलं. इथून मी काय करू शकते? काहीच नाही. फुगा वर जाताना बघत बसते.

आता महत्त्वाचं. वीस तारखेला शेवटची बोट येईल. त्यानंतर समुद्र खवळतो आणि तीन महिने इकडे कुणी फिरकत नाही. पत्रंसुद्धा तिकडे गोदामात पडून राहतात. वायरलेसवर घरचे निरोप घेत नाहीत, कुणी गेलं तरच. प्रमुख म्हणाले, जायचं असेल तर त्याच बोटीने जा, पण मग वर्ष भरलं असं धरणार नाही. म्हणजे कायमची नोकरी गेली. ती गेली तर गेली. बाबा, मला खरं सांगा. मी येऊ का? त्याच बोटीने तुमचं उत्तर येईल आणि मी बॅग भरून धक्क्यावर उभी असेन. तुम्ही ये म्हणालात तर तशीच चढेन.

तुमच्या लोभाची, आणि उत्तराची वाट बघणारी,
ठकू


१५ एप्रिल

चि. सौ. ठकू हिस अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मी शिष्याची शिकवणी त्याच दिवशी बंद केली. पाळणाघरातल्या ताई रोज येऊन बक्कल उघडतात. भल्या बाई आहेत, हसतमुख. घरी वहिनी येतात. पट्टेही एक घर वर चढवले, खांदे वाढलेत त्याचे.

इंजिन बंद हे शब्दसुद्धा मी आता उच्चारत नाही. तो मात्र गाडी थांबली की माझी वाट बघतो आणि मी बोललो नाही की हिरमुसतो. परवा दोनदा त्याने न सांगताच बटणाकडे हात नेला. मी ओरडलो. त्यानंतर तो दिवसभर माझ्याकडे आला नाही. विसरेल हळूहळू. लहान मुलांचं काय, आज शिकतात, उद्या विसरतात.

तू येऊ नकोस. पोराला काही एक कमी नाही. तू इतकं सोसलंस ते चार दिवसांच्या धास्तीपायी पाण्यात घालू नकोस. मी आहे ना. मी असताना तुझ्या पोराच्या केसालाही धक्का लागणार नाही, हा माझा शब्द.

बॅग रिकामी कर. लोभ कर, पण हट्ट करू नकोस.

तुझा,
बाबा


२० एप्रिल

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

बोट अजून धक्क्याला आहे, म्हणून घाईत लिहिते. तुमच्या शब्दावर राहिले. बॅग परत खोलीत नेली, पण अजून उघडली नाही. बोट दिसेनाशी झाली की उघडेन.

प्रमुखांनी विचारलं, नक्की ना? मी म्हटलं, माझे बाबा कधी खोटा दिलासा देत नाहीत.

तीन महिन्यांत तो केवढा होईल, कोण जाणे. मला ओळखेल ना हो? माझा फोटो दाखवत जा. तो विचारेल तेव्हाच नव्हे, नाही विचारलं तरी.

खलाशी हाका मारतायत. ह्यांना आणि पिल्लाला खूप खूप. तुमच्या अंगठ्यांना तेल लावा. लोभ इथवर पोचू द्या.

तुमची,
ठकू


६ मे

चि. ठकू,

आशीर्वाद.

भोंगा जिवंत आहे आणि बरा होतो आहे. हे आधी लिहितो म्हणजे पुढचं वाचशील.

काल सकाळी पुलाच्या अलीकडे त्याने बक्कल उघडलं. मला आवाज आला नाही, मी गात होतो. तो सीटवर उभा राहून मागे वळला असावा, माझं तोंड बघायला. तेवढ्यात गल्लीतून एक बाई हातगाडी घेऊन आली आणि मी ब्रेक दाबला. रोज दाबतो तसाच, जोराचासुद्धा नाही. तो उडून पुढच्या दोन सीटांच्या मधून माझ्या पायाशी आला. खालचा ओठ फाटला. गळ्याजवळचं हाड मोडलंय. डॉक्टर म्हणाले, लहानांची हाडं लवकर सांधतात. हात गळ्यात बांधलाय. सीटला काही झालं नाही. ती होती तशीच आहे, पट्टे दोन्ही बाजूंना लोंबतायत.

ठकू, रस्त्यात त्याला उचललं तेव्हा तोंडातून रक्त येत होतं आणि तो मला सांगत होता की आजोबा, इंजिन बंद. बोट दाखवून. शाबासकीसाठी.

मी तुमच्या केंद्राच्या इथल्या कचेरीत गेलो. म्हटलं, माझ्या मुलीला निरोप पाठवा. कारकुनाने नीट ऐकून घेतलं, पाणी दिलं. मग म्हणाला, मूल बरं आहे ना? मग नियमात बसत नाही. मी जाताना तो उभा राहिला होता. त्याच्यावर तरी काय रागावू?

आता तो गाडी दिसली की किंचाळतो. कडेवर घ्यावं तर दहा पावलांत खाली ठेवावं लागतं. पुलापर्यंत चालवत नाही मला. जावईबापू दोन दिवस घरी थांबले, उद्यापासून छापखाना सुटणार नाही. वहिनी येतात, जेवू घालतात. माणसं चांगली आहेत गं. पण मला एकट्याला हे पोर जमत नाही. गाडी जमत नाही. बटण जमत नाही. मी जमतं म्हणालो, तू राहिलीस.

बोट नाही हे मला ठाऊक आहे. हे पत्र गोदामातल्या पोत्यात तीन महिने पडून राहील, आणि तू वाचशील तेव्हा त्याचं हाड सांधून तो पळतही असेल. जावईबापू म्हणाले, मग कशाला पाठवता? मी त्यांच्याकडे तिकीट मागितलं.

पोरी, ये. काही करून ये.

बाबा