बावखलावरचा खून आणि माझा दादा

१ जानेवारी १९८४
या वर्षी एकच संकल्प. तुळशीदास खून प्रकरणाचा निकाल लावणे.
बारा वर्षं झाली. विड्याच्या पानांचे व्यापारी तुळशीदास आमच्या वाडीमागच्या बावखलात, म्हणजे शिंपणाच्या तळ्यात, डोक्यात घाव घातलेले सापडले. मुंबईच्या पेपरात फोटो आला. खुनी सापडला नाही. तेव्हापासून आमच्या पापडी गावात चार माणसं जमली की हाच विषय. सलूनमध्ये तर दोन पार्ट्या आहेत. एक म्हणते, त्यांचा पुतण्या भालचंद्र. दुसरी म्हणते, आमचा दयारामदादा, कारण त्या दिवशी सकाळी बावखलाच्या पाण्यावरून दोघांचं भांडण झालं होतं. पोलिसांनी दादाला नेलं, ठेवून घेतलं, सोडलं.
दादा निर्दोष आहे. ते सिद्ध करणारा माणूस घरातच आहे, फक्त त्याने अजून सुरुवात केलेली नाही.
उद्यापासून पहाटे उठणे.

२ जानेवारी
थंडी फार. उठलो नाही.

१५ जानेवारी
सकाळभर सलूनमध्ये. मार्सेल, रेल्वेतून रिटायर झालेला, दादाच्या विरोधी पार्टीचा पुढारी. त्याला माझे सगळे पॉइंट ऐकवले. आमचं बोलणं चालू असताना दादा सायकलवरून आला. आम्हाला पाहिलं आणि वाण्याकडे न जाता तसाच मागे फिरला. बहुधा पिशवी विसरला असेल.
अनसूया म्हणाली, तुम्ही विषय काढला नाहीत तर लोक विसरून जातील. बायकोला लॉजिक समजावणं कठीण. लोक विसरले तर दादा सुटणार कसा?

२६ फेब्रुवारी
महिनाभर ऑफिसात ऑडिट. आज मात्र थेट कारवाई. भालचंद्र विरारला मनवेलपाड्यात चाळीत राहतो असा पत्ता लागला होता. अचानक गाठायचं आणि चेहरा वाचायचा, असा प्लॅन.
तो नळावर हंडा भरत होता. मला पाहून हंडा खाली ठेवला आणि वाकून नमस्कार केला. चहा, बटर. खुनाच्या आठवड्यात तो टायफॉइडने मुंबईला हॉस्पिटलात पडून होता. काकांचं तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही, हे सांगताना रडला. मग म्हणाला, "दयारामकाका कसे आहेत? मी ते कधीच खरं मानलं नाही. दोघं सकाळी भांडायचे आणि दुपारी शेजारी बसून जेवायचे."
मत: माणूस हुशार आहे. पण टायफॉइड पक्का. भालचंद्रचं नाव खोडावं लागलं. आता राहिलं कोण, यावर उद्या शांतपणे विचार.

२७ फेब्रुवारी
विचार केला नाही. डोकं दुखत होतं.
खुनाच्या रात्री दादा जेवायला उशिरा आला होता. का, ते विचारायचं राहूनच गेलं. वाडीत काम असेल.

८ एप्रिल
दादाच्या मंदाला बघायला केळव्याची मंडळी आली. मुलगा बँकेत. पोहे, घरची सुकेळी. मंदा आणि मुलगा ओट्यावर बसून चक्क हसत बोलत होती. दादासुद्धा हसला. त्याला हसताना पाहून किती वर्षं झाली असतील.
मुलाचे मामा जगन्नाथराव समजूतदार वाटले. कोणी त्यांचे कान भरण्याआधी आपणच बाजू मांडावी, म्हणून वाडी दाखवायला नेलं. बावखलाच्या काठावर उभं करून सगळी केस समजावली. भांडण कुठे झालं, प्रेत कुठे होतं, पोलिसांनी दादाला का सोडलं. नीट ऐकून घेतलं. पूर्ण कन्व्हिन्स झाले. परत आल्यावर दुसरा चहासुद्धा नको म्हणाले.

१७ एप्रिल
केळव्याहून नकार. पत्रिका जमत नाही म्हणे. १९८४ साली पत्रिका!
यशोदावहिनी ओट्यावर भेटल्या. रागावलेल्या नव्हत्या. म्हणाल्या, "भावोजी, त्यांना काहीच माहीत नव्हतं." मी म्हटलं, आज ना उद्या कळलंच असतं. त्या म्हणाल्या, "उद्या कळलं असतं तर चाललं असतं."
मंदाला हाक मारली. आतल्या खोलीत होती. ओ दिली नाही.

३ मे
दादा पानवेली बांधत होता. माझी नवी थिअरी सांगायला गेलो: कोणीतरी परका माणूस, धंद्यातली दुश्मनी. त्याने शेवटपर्यंत ऐकलं. मग हातातली वेल न सोडता विचारलं, "गुरू, तुला काय वाटतं? मी मारलं?"
इतक्या वर्षांत पहिल्यांदाच विचारलं. मी म्हटलं, माझ्या वाटण्याला कोर्टात किंमत नाही, पुरावा पाहिजे.
"बरं," म्हणाला आणि पुढच्या वेलीकडे गेला.
अनसूयाला सांगितलं. तिचा हात भाकरीवरच थांबला. म्हणाली, "'नाही' एवढंच म्हणायचं होतं तुम्हाला." मी तिला निःपक्षपातीपणा म्हणजे काय ते समजावलं. भाकरी करपली.
उद्या दादाला गाठून नीट सांगणे.

४ मे
दादा वाडीत होता, पण बरोबर गडी होता. गड्यासमोर असलं कसं बोलणार?

११ मे
गडी नव्हता. मलाच सर्दी. आवाज बसलेला. अशा आवाजात सांगितलं तर गैरसमज व्हायचा.

१४ ऑक्टोबर
दादाने आपला हिस्सा विकला. वहिनींच्या माहेरी, डहाणूला जाणार. तिकडे मंदाचं जमेल, असं वहिनींच्या भावाचं म्हणणं. मला हे सलूनमध्ये कळलं. सांगायला वेळ मिळाला नसेल त्याला.

१८ नोव्हेंबर
टेम्पो सकाळीच आला. सामान चढवायला गेलो. वाक्य पाठ करून गेलो होतो: दादा, तुझ्या हातून असं होणारच नाही, हे मला पहिल्यापासून माहीत आहे.
कपाट चढलं. मंदाची शिलाई मशीन चढली. मंदा वहिनींना घेऊन एस्टीने पुढे गेली होती. दादा माझ्यासमोर येऊन उभा राहिला.
मी म्हटलं, "मशीन नीट बांधलीस ना?"
"बांधली."
माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला.
ते वाक्य पत्राने कळवता येईल. लिहिलेलं जास्त पक्कं असतं.

२५ नोव्हेंबर
पत्र लिहायला बसलो. "तीर्थरूप दादास" इथपर्यंत झालं. मग सलूनमध्ये गेलो.
मार्सेल म्हणाला, "गेला ना पळून? निर्दोष मानूस घर सोडून जातो काय?" इतकी वर्षं भालचंद्रच्या विरोधात बोलणारेसुद्धा माना डोलवत होते.
याला माझ्याकडे उत्तर होतं. केळव्याचा नकार, मंदाचं लग्न, सगळं. पण गळ्यावर वस्तरा होता, हलता येत नव्हतं. दाढी झाल्यावर बोलायचं ठरवलं.
दाढी झाली. सगळे माझ्याकडे बघत होते.
केस विंचरले आणि घरी आलो.